आजीच्या पाकिटातली गोळी: अकरावीतल्या एका पोराची केस

आधीच सांगून टाकते, पोराचं नाव बदललंय, गाव सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-चार बारीक गोष्टी दुसऱ्या केसमधल्या यात घातल्यात. मी धुळ्यात एका मानसोपचार डॉक्टरांकडे समुपदेशक म्हणून बसते. ही केस लिहायचं कारण म्हणजे यात सगळ्यात मोठी चूक ना पोराची ना त्याच्या बापाची, ती माझी होती, आणि मी केली तशीच चूक बरेच जण करत असणार असं मला वाटतं.

पोराला भूषण म्हणू. वय सोळा. अमळनेर तालुक्यातलं गाव, घरी सहा एकर कपाशी, वडील, आई, आजी आणि धाकटी बहीण. आजोबा वारल्याला दीड-दोन वर्षं झाली होती. दहावीला ८८ टक्के पडले, गावात पेढे वाटले, आणि मग आपल्याकडे जे होतं तेच झालं, पोराला सायन्सला टाकलं, धुळ्यात देवपूरला रूम घेऊन दिली, रूमवर अजून तिघं, सकाळी क्लास दुपारी कॉलेज संध्याकाळी परत क्लास. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने घरी, सोमवारी पहाटे डबा घेऊन परत.

माझ्याकडे तो पहिल्यांदा आला डिसेंबरात, आईने आणला. तक्रार काय तर अभ्यासात लक्ष नाही, चिडचिड करतो, घरी आला की दिवसभर झोपतो, पाठ केलेलं विसरतो. दोनदा गाडीवरून पडला होता तेही रिकाम्या रस्त्यावर. पहिल्या सत्रात फिजिक्सला ३५ सुद्धा नाही. समोर बसलेला पोरगा सुकलेला, बोलायला नरम, थोडा अडखळत बोलणारा, मला वाटलं बुजलाय. आईला बाहेर बसवून मी जे प्रश्न सगळ्या पोरांना विचारते तेच विचारले, दारू घेतो का, गुटखा, सिगारेट, गांजा? नाही ताई. एकदाही नाही? एकदाही नाही, शपथ. आणि तो खरं बोलत होता, हे आज मला माहितीये. मी कागदावर लिहिलं, परीक्षेचा ताण, व्यसन नाही, झोपेचं वेळापत्रक लावून द्या, पंधरा दिवसांनी भेटा. ते काही पंधरा दिवसांनी आले नाहीत.

आमच्या डोक्यात काय बसलेलं असतं बघा. धुळे जिल्ह्यात नशा म्हटलं की पहिलं आठवतं शिरपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याला कपाशी नाहीतर तुरीच्या आड लावलेला गांजा, पोलिसांनी उपटून ढीग लावलेला आणि त्यामागे उभं राहून काढलेला फोटो. त्यानंतर आठवतं ते पंक्चरचं सोल्युशन हुंगणारी स्टेशनवरची पोरं. त्यात खोटं काही नाही, एम्सच्या व्यसन उपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली होती, २०१९ ला अहवाल आला, त्यात हुंगायची नशा हा एकच प्रकार असा निघाला की मोठ्यांपेक्षा १० ते १७ वयातल्या पोरांमध्ये जास्त, १.१७ टक्के. पण त्याच अहवालात झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेणारे १.०८ टक्के, म्हणजे जवळपास १ कोटी १८ लाख लोक आहेत हेही लिहिलेलं आहे आणि मी तो अहवाल वाचलेला होता, आणि तरी माझ्या प्रश्नांच्या यादीत 'गोळी' हा शब्द नव्हता. गोळी म्हणजे औषध ना. पोराच्याही डोक्यात तेच होतं.

जानेवारीत, संक्रांत होऊन आठेक दिवस झाले असतील, कॉलेजातून वडिलांना फोन गेला की मुलगा वर्गात बाकावर डोकं ठेवून पडलेला असतो, उठवलं तर अंगावर येतो, आणि हजेरी अर्धीसुद्धा नाही. वडील मोटारसायकल घेऊन तडक देवपूरला, रूम उघडली तर पोरगं दुपारी बारा वाजता गाढ झोपलेलं, बाजूला मोबाईल नाही (तो विकून झाला होता), दप्तरात बाराशेची उधारी लिहिलेली चिठ्ठी. दोन थोबाडीत देऊन गाडीवर मागे बसवला आणि घरी आणला. आणून मागच्या खोलीत ठेवला, बाहेरून कडी. जेवण खिडकीतून. वडील मला नंतर म्हणाले, "ताई, मले वाटनं संगत तुटनी का सुधरी जाई." यात त्यांचं काही चुकलं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही, खेड्यात बाप दुसरं काय करणार, पोलिसात जाणार?

पहिला दिवस पोरगं झोपलं. दुसऱ्या दिवशी घाम, जानेवारीच्या थंडीत बनियन ओलं, हात थरथरतायत, पाण्याचा ग्लास धरता येईना, छातीत धडधड, रात्रभर फेऱ्या, भिंतीवर काहीतरी चालतंय म्हणून ओरडला. आई रडायला लागली, वडील म्हणाले नाटकं करतोय, कडी काढायची नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे आजीला खोलीतून धाडधाड आवाज आला, दार उघडलं तर पोरगं जमिनीवर, डोळे वर गेलेले, तोंडाला फेस, हातपाय आपटत. कोणी चप्पल हुंगवली कोणी कांदा, तोंडात चमचा घालायला गेले त्यात पुढचा दात अर्धा तुटला (फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा, डोकं आपटणार नाही एवढं बघा, बस). शेजारच्या आळीतला भगत येऊन निंबू उतरवून गेला, तोपर्यंत कोणीतरी १०८ ला फोन केला होता म्हणून बरं.

दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला, रक्तातली साखर नॉर्मल, फिटच्या गोळ्या चालू झाल्या, दोन दिवसांनी घरी. काही गोळ्या वगैरे घेत होता का, हे तिथेही कोणी विचारलं नाही. घरी आल्यावर पोरगं एकदम शांत झालं, जेवायला लागलं, झोपायला लागलं. घरच्यांना वाटलं फिटची गोळी लागू पडली, सगळं त्या आजाराचंच होतं, पोऱ्या बिघडलेला नव्हताच. आणि 'मेंदूच्या डॉक्टरला एकदा दाखवून घ्या' असं तिथे सांगितलं म्हणून ते परत आमच्याकडे आले.

येताना आजीला पण घेऊन आले. एकाच खेपेत दोन पेशंट, गाडीभाडं वाचतं. आजीची तक्रार झोपेची. आबा गेल्यापासून झोप नाही, तालुक्याच्या डॉक्टरांनी रात्री एक गोळी दिली होती, ती आधी लागू पडायची, दिवाळीपासून बंद पडली, म्हणून त्यांनी दोन केल्या, तरी झोप नाही.

"मन्ही गोयी कामच करत नही माय, रातभर डोया उघडा." (आमच्याकडे ळ चा य होतो, गोळीची गोयी होते.)

मी म्हटलं गोळ्या दाखवा. तिने लुगड्याच्या कनवटीतून नाही, एका कापडी पिशवीतून, पिशवीतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून, त्यातल्या अजून एका पिशवीतून पाकिटं काढली, रिकामी पण जपून ठेवलेली, सगळी रबर लावून एकत्र. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, दीड वर्ष जुनी, घड्यांवर सेलोटेप लावलेली, तीच चिठ्ठी दाखवून दर वेळी मेडिकलमधून गोळी यायची. गोळी अल्प्राझोलाम. मी सहज मोजायला लागले. आजीला लिहिता वाचता येत नाही पण हिशोब पक्का, ती म्हणाली, एक गोळी होती तेव्हा एक पाकीट दोन बाजारापर्यंत सहज जायचं नाही, पण एक बाजार होऊन वर दोन-तीन दिवस पुरायचं. दहा गोळ्या, आठवड्याला सात, बरोबर. दिवाळीपासून ते बाजारापर्यंत पण पुरेना. दोन गोळ्या झाल्यावर दोन पाकिटं आणायची तर तीही बाजाराच्या आधीच संपायची. मी म्हटलं आजी, तुम्ही विसरून दोनदा घेता का? ती म्हणाली मी रोज रात्री फोडते तेव्हा मोजते, पाकिटात कमीच असतात, मेडिकलवाला फसवत असेल.

फसवायला काय, पाकीट दहाचंच येतं.

समोर बाकावर भूषण बसला होता. आल्यापासून त्याचा एक पाय हलत होता, तुम्ही बघितलं असेल पोरं कशी बसल्या बसल्या गुडघा हलवतात तसा. मी पाकिटं मोजत असताना तो पाय थांबला. मी वर बघितलं तर तो माझ्या बोटांकडे बघत होता.

तिथे मी काहीच बोलले नाही. डॉक्टरांना चिठ्ठी दिली, घरच्यांना चहाला पाठवलं आणि त्याला आत घेतलं. म्हटलं, मी मागच्या वेळी तुला चुकीचं विचारलं होतं, गांजा दारू विचारलं, गोळ्यांचं विचारलंच नाही. तो पाच मिनिटं गप्प, मग म्हणाला, "ताई, मी खोटं नव्हतो बोललो." मी म्हटलं माहितीये.

मग हळूहळू निघालं, एका दिवसात नाही, चार बैठका लागल्या. ऑगस्टमध्ये पहिली युनिट टेस्ट होती, आदल्या दिवशी रविवार, तो घरी होता, छातीत धडधडायला लागलं, हात गार, वाटलं आता काहीतरी होणार. गावात सगळ्यांना माहिती की हा डॉक्टर होणार, आणि क्लासमधले अर्धे प्रश्न त्याला कळतसुद्धा नव्हते. आजीने जवळ घेतलं आणि तिच्या गोळीतली अर्धी मोडून दिली. अर्ध्या तासात सगळं शांत. त्याचे शब्द असे, डोक्यातला पंखा कोणीतरी बंद केला. पेपर बरा गेला. पुढच्या रविवारी त्याने मागितली नाही, स्वतः घेतली, एक. मग सोमवारसाठी एक खिशात. मग आठवड्याच्या पाच.

इथे थोडं थांबून ही गोळी करते काय ते सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच येतं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, ते मेंदूचा ब्रेक. अल्प्राझोलाम त्या ब्रेकवर अजून एक पाय ठेवतं, म्हणून भीती पटकन खाली बसते. पण शरीरातून ती अकरा-बारा तासांत निम्मी होते, तशी ती लवकर उतरणारी गोळी आहे, आणि उतरली की दाबून धरलेली भीती होती त्यापेक्षा जोरात वर येते. पोराला वाटतं आपली भीती वाढली, आपल्याला गोळीची गरज जास्त आहे. काही आठवड्यांत मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला करतो, कारण बाहेरून कोणीतरी दाबतंयच की, मग पहिल्या गोळीचा असर यायला दोन लागतात. आणि मग एकदम बंद केली तर? ब्रेक नाही, उतार आहे. घाम, थरथर, भास, आणि फिट. लवकर उतरणाऱ्या गोळीची फिट बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतच येते. भूषणला तिसऱ्या पहाटे आली. कडी लावल्याने संगत तुटली नाही, गोळी तुटली. म्हणूनच मी प्रत्येकाला सांगते, दारू आणि झोपेच्या गोळ्या ह्या दोन गोष्टी घरच्या घरी खोलीत कोंडून अचानक सोडवू नका, यात जीव जाऊ शकतो. आणि दवाखान्यातून घरी आल्यावर तो 'फिटच्या गोळीने' शांत झाला नव्हता, आजीच्या पिशवीत परत हात गेला होता.

दुसरी गोष्ट आठवणीची. ही गोळी नवीन आठवण बसू देत नाही. पोरगा रात्री दोनपर्यंत वाचायचा, त्याला वाचल्यासारखं वाटायचं, सकाळी कोरा. ज्या परीक्षेसाठी गोळी घेतली ती परीक्षाच गोळीने खाल्ली. आणि तोल, प्रतिक्रिया मंद, म्हणून रिकाम्या रस्त्यावर गाडीवरून पडणं, बोलताना अडखळणं, जे मला बुजरेपण वाटलं होतं. या वयात अजून एक अडचण अशी की कपाळामागचा मेंदूचा भाग, जो 'थांब, विचार कर' म्हणतो, तो पंचविशीपर्यंत तयार होत असतो, म्हणजे पोरांकडे मुळातच लगाम कच्चा, त्यात ही गोळी तो अजून सैल करते. काही पोरं शांत व्हायच्या ऐवजी उलटी अंगावर येतात. भूषणने एका मॅडमला वर्गात शिवी दिली होती. तो पोरगा, ज्याने दहावीपर्यंत मान वर करून बोललं नव्हतं. सगळ्यांनी म्हटलं शहरात गेला आणि माजला.

आजीच्या पाच गोळ्या गुरुवारपर्यंत संपायला लागल्या तेव्हा रूमवरच्या एकाने सांगितलं मी आणून देतो. मालेगाव-धुळ्याकडे राहणाऱ्यांना 'कुत्ता गोळी' हा शब्द नवीन नाही, पेपरात येतो, पोलिसांच्या धाडी पडतात, घेणारा कुत्र्यासारखा अंगावर येतो म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. भूषणने पण ऐकलेलं होतं आणि त्याला किळस वाटायची, ती गॅरेजवरची, टपोरी पोरं घेतात ती गोष्ट. मित्राने पाकीट हातात दिलं तेव्हा याने उलटं करून मागचं नाव वाचलं.

"ताई, तेच नाव होतं. आजीच्या पाकिटावरचं. मी दोनदा वाचलं."

म्हटलं मग? म्हणाला मग काय, घेतली. आजी पण घेते ना.

या एका वाक्यावर मी बरेच दिवस अडकले. घरात औषध, देवपूरला नशा, आणि दोन्हीकडे पाकीट एकच. पोराच्या मनातली लाज त्या एका क्षणात गेली, कारण जी गोष्ट आजीच्या पिशवीत तीन पिशव्यांच्या आत देवासारखी ठेवलेली आहे ती घाण कशी असेल.

कायदा काय म्हणतो तर ही गोळी शेड्यूल एच-वन मध्ये आहे, २०१४ च्या मार्चपासून, म्हणजे मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली ते लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. कोडीनचं खोकल्याचं औषध पण त्यातच. दीड वर्ष जुन्या सेलोटेपच्या चिठ्ठीवर दर आठवड्याला दोन पाकिटं देताना रजिस्टरमध्ये काय लिहिलं जात होतं देवाला ठाऊक. नंतर तर आजीचा नातू एकटाच चिठ्ठी घेऊन जायचा, 'आजीची गोळी द्या', आणि मिळायची. आणि डॉक्टरांशिवाय लहान मुलाला गुंगीचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, २०१५ चा कायदा, किती जणांना माहितीये? वडिलांना भीती होती पोरालाच पोलीस उचलतील, त्यांना मी सांगितलं की स्वतःहून उपचार घ्यायला येणाऱ्यासाठी अमली पदार्थांच्या कायद्यातच, कलम ६४ अ मध्ये सवलत आहे. तेव्हा कुठे ते खुर्चीत नीट टेकून बसले.

उपचार कमी नाट्यमय असतात, लिहायला फार काही नसतं. डॉक्टरांनी लवकर उतरणारी गोळी बदलून हळू उतरणारी दिली आणि तिचा डोस दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा कमी करायचा असं ठरलं, चार-पाच महिने. घरच्यांना हेच पटेना. नशेची गोळी सोडवायला परत गोळी? वडील तेवढ्यात हायवेवरच्या एका केंद्रात जाऊन चौकशी करून आले होते, सहा महिने, एकरकमी पैसे, महिनाभर भेट नाही, आणि मोठी माणसं न् पोरं एकाच हॉलमध्ये. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी आवाज चढवून बोलले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अठराच्या आतल्या मुलाला भरती करायचं तर मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, घरचं माणूस सोबत राहिलं पाहिजे, असं स्पष्ट आहे. भूषणला भरतीची गरजच नव्हती, त्याला गरज होती ती कडी न लावता कोणीतरी लक्ष ठेवण्याची. गोळ्या आईकडे, आईने त्या तांदळाच्या कोठीत ठेवल्या, रोज संध्याकाळी समोर उभं राहून द्यायची. रूम सोडली. कॉलेजला जाणं-येणं घरून, रोजची एसटी, सव्वा तास.

फेब्रुवारीत त्याने मला मोबाईलवर (वडिलांच्या) एक व्हिडिओ दाखवला. चुलत बहिणीचं लग्न, डिसेंबरमधलं, वरातीत हा डीजेसमोर नाचतोय, घामाघूम, फेटा निसटलेला, हसतोय. म्हणाला, "मला यातलं काहीच आठवत नाही. मी होतो हे पण आठवत नाही." त्याने तो व्हिडिओ तीसेक वेळा बघितला होता. मी त्याला खोटा धीर दिला नाही, तेव्हाच्या ज्या आठवणी बसल्याच नाहीत त्या परत येत नाहीत, कारण त्या कुठे ठेवलेल्याच नाहीत. यापुढच्या बसतील, एवढं सांगितलं. आणि तशा बसायला लागल्या, मार्चमध्ये त्याला आदल्या दिवशी वाचलेलं सकाळी आठवलं तर त्याने आईला झोपेतून उठवून सांगितलं.

सरळ रेषेत काही झालं नाही. आखाजीला (अक्षय तृतीयेला) सगळे मित्र गावात आले, आंब्याचा रस पुरणपोळी झाली, संध्याकाळी नदीकडे गेले, तिथे रूमवरच्या त्याच मित्राने पाकीट काढलं आणि याने दोन घेतल्या. वरून बिअर. ही जोडी फार वाईट, दोन्ही मिळून श्वासच मंद करतात, झोपेत माणूस जातो. नशीब, थोडीच प्यायला होता. दुसऱ्या दिवशी स्वतः मला फोन केला, रडत नव्हता, म्हणाला आता काय करू, परत पहिल्यापासून का? मी म्हटलं पहिल्यापासून नाही, जिथे होतास तिथून, पण डॉक्टरांना आजच सांगायचं. वडिलांना सांगितल्यावर ते मारतील असं वाटलं होतं, ते नुसते बाहेर जाऊन ओट्यावर बसले. त्यांनी त्या काही महिन्यांत जे शिकलं ते मी त्यांना शिकवलं नव्हतं.

आता आजीचं. पोराची गोष्ट बाहेर आली तेव्हा तिला कोणी काही बोललं नाही, तरी ती तीन आठवडे दवाखान्यात आली नाही. चौथ्या वेळी आली आणि दारातच म्हणाली, "मीच दिन्ही व्हती त्याले पहिली गोयी. मी म्हनं, ले अर्धी, डोकं शांत व्हई जाई." आणि मग पदर तोंडाला. मी तिला काय सांगणार, अर्धी गोळी मायेने मोडली होती, आणि दीड वर्ष ती गोळी तिला रोज घ्यायला सांगणाऱ्याने तिला एकदा तरी सांगितलं होतं का की ही दोन-चार आठवड्यांपलीकडे चालू ठेवायची गोष्ट नाही, म्हातारपणी तर पडायची न् विसरायची भीती वेगळीच. गंमत बघा, गंमत कसली, नातू तिच्या गोळ्या चोरायचा म्हणून तिची झोप उडायची, झोप उडाली म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवला, डोस वाढला म्हणून चोरायला अजून मिळाल्या. आणि तिला मध्येच गोळी न मिळाल्याने रात्री होणारी धडधड, हातांची थरथर, ती समजायची म्हातारपण आलं.

म्हणजे घरात गोळी लागलेली माणसं दोन होती. आम्ही नावं मात्र वेगळी दिली होती, एक व्यसनी एक पेशंट.

डॉक्टरांनी आजीचीही गोळी कमी करायला घेतली, तिच्या वयाला झेपेल अशी, नातवापेक्षा दुपटीने हळू. घरात देवघराच्या बाजूला कॅलेंडर लावलेलं, भूषणने त्यावर दोन रंगांचे पेन वापरून दोघांचा हिशोब चालू केला, निळी रेघ त्याची, लाल आजीची. आजीला आकडे कळत नाहीत पण लाल रेघा कळतात. रात्री ती गोळीचा तुकडा हातात घेऊन त्याला हाक मारायची, "भूषण, बरोबर तोडी का रे?" आणि तो येऊन तिचा तुकडा बघायचा. अर्धी गोळी मोडण्यात त्या घरात आता तोच जाणकार.

अकरावीची वार्षिक परीक्षा त्याने दिली, दोन विषय गेले, जूनमध्ये फेरपरीक्षेत निघाले, काठावर. नीटचा क्लास बंद केला, त्यावरून घरात आठ दिवस भांडण, मग मिटलं. निळी रेघ जून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संपली. फिट परत आली नाही. झोप अजून कधी कधी तुटते, गर्दीत छाती धडधडते, त्यासाठी आमच्या बैठका चालू आहेत, श्वासाचे व्यायाम वगैरे, ते तो कंटाळून का होईना करतो.

माझ्या प्रश्नांच्या कागदावर मी पाचवी ओळ हाताने लिहिली, आता छापून घेतलीये: घरात झोपेची, दुखण्याची, खोकल्याची कोणती औषधं आहेत, कोणाची आहेत, आणि ती मोजतं कोण. आईबापांना वेगळं विचारते, पोरांना वेगळं, आणि आजी-आजोबा आले असले तर त्यांना सगळ्यात आधी. कोणाला घरूनच विचारायचं असेल तर टेलिमानसचा (मानसिक आरोग्याच्या मदतीचा) १४४१६ आणि नशामुक्तीचा १४४४६ हे सरकारी नंबर आहेत, पैसे लागत नाहीत.

परवा भूषण आजीला घेऊन आला होता, या वेळी पेशंट ती आणि सोबतीला तो. तिची लाल रेघ अजून चालू आहे, पाव गोळीवर आलीये. म्हटलं झोप लागते का आजी? म्हणाली, "नही लागत माय, पहाटले चार वाजता उठी बसस." मग नातवाकडे मान करून, "मंग याले बी उठाडी देस, अभ्यासले." भूषणने डोळे फिरवले आणि तिची पिशवी उचलली.